कुटुंबासाठी किनाऱ्यावरचे गाव कसे निवडावे : सोलापूरहून प्रथमच समुद्राकडे निघणाऱ्यांसाठी

सोलापुरातून निघून कोणत्याही घाटाने खाली उतरले, तरी रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या आत समुद्र भेटत नाही. जायला एक अख्खा दिवस लागतो आणि यायला दुसरा. पुण्या-मुंबईच्या माणसाला एखादे गाव आवडले नाही तर तो पुढच्या शनिवारी दुसरीकडे जाऊ शकतो. आपल्याकडे मात्र वर्षभर ठरवून, रजा जुळवून, मुलांच्या परीक्षा सांभाळून एकदाच निघणे होते. त्यामुळे गावाची निवड चुकली तर ती चूक वर्षभर मनात राहते.

आमच्या पहिल्या सहलीत तेच झाले. जागा घेताना ‘समुद्रालगत’ एवढेच सांगण्यात आले होते आणि फोटोतही खिडकीतून निळे पाणी दिसत होते. प्रत्यक्षात ते घर सड्यावर, म्हणजे उंच कातळी पठारावर होते आणि खाली पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर जायला जांभ्या दगडाच्या नव्वदहून अधिक पायऱ्या होत्या. आईचे गुडघे तेव्हाच धरू लागले होते. तीन दिवस ती ओसरीवर खुर्ची टाकून बसली. तिने समुद्र पाहिला, त्याचा आवाज रात्रभर ऐकला, पण तिचा पाय काही पाण्याला लागला नाही. आपला धाकटा नातू ओल्या वाळूत कसा पळतो, हेही तिला मोबाइलवरच दाखवावे लागले. पुढे ज्या क्रमाने या गोष्टी लिहिल्या आहेत, तो क्रम त्या तीन दिवसांनी आम्हाला शिकवला.

आधी घरातली माणसे पाहावीत

बहुतेक जण आधी गाव ठरवतात आणि मग त्यात माणसे बसवतात. हा क्रम उलटा करावा. सर्वांत वयस्कर माणूस किती चालू शकतो, किती पायऱ्या चढू शकतो, त्याला जमिनीवर बसता येते का. सर्वांत लहान मूल किती वर्षांचे आहे, त्याला गाडी लागते का, ते दुपारी झोपते का. घरात मासे खाणारे किती आणि शुद्ध शाकाहारी किती, ही उत्तरे एका कागदावर लिहून काढावीत. धडधाकट माणसे कुठेही आनंदात राहतात, म्हणून गाव निवडायचे ते घरातल्या सर्वांत अशक्त माणसाच्या सोयीने.

पाच वर्षांच्या आतले मूल किंवा सत्तरीपुढचे माणूस बरोबर असेल, तर किनारा सपाट व रुंद, वाळू घट्ट, आणि राहण्याचे घर किनाऱ्याच्याच पातळीवर, या तीन गोष्टी अटीसारख्या धराव्यात. घट्ट वाळूचा मुद्दा आपल्याकडच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. भुसभुशीत वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततो, काठी टेकता येत नाही आणि शंभर पावलांतच गुडघे बोलू लागतात. ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू मात्र सारवलेल्या अंगणासारखी असते आणि तीवर म्हातारे माणूसही सावकाश अर्धा किलोमीटर चालून येते.

महिना आणि तिथी

सोलापूरचा पारा मे महिन्यात बेचाळीसच्या पुढे गेला की साहजिकच समुद्राची आठवण होते. रत्नागिरी किंवा मालवणचे तापमान त्या वेळी तेहतीस-चौतीसच असते हे खरे. पण आपली उष्णता कोरडी आणि तिथली दमट. आपल्याकडे सावलीत गेले की जिवाला बरे वाटते, तिथे सावलीतही घाम वाळत नाही. शिवाय मेमध्ये कोकणातल्या अनेक गावांत विहिरी तळाला गेलेल्या असतात. नळाच्या पाण्याची वाट पाहण्याची सवय असलेल्या सोलापूरकराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आंबा हे मेचे एकमेव खरे आकर्षण आहे, आणि तो पेटीने घरी येतो.

जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी असते, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद राहतात, आणि पाण्यात उतरण्याचा तर विचारच करू नये. ऑक्टोबरमध्ये उकाडा असतो. उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने. त्यातही नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळावा, कारण त्या दिवसांत जागा महाग, रस्ते तुंबलेले आणि किनाऱ्यावर गाड्यांचीच गर्दी असते. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा सोडून सोलापूरकर कुठे जात नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे चार-पाच दिवस आम्हाला सर्वांत योग्य वाटतात. मुले अजून शाळेत जात नसतील, तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा त्याहून शांत मिळतो.

महिना ठरला की भिंतीवरची दिनदर्शिका काढून तिथी पाहावी. यात शुभ-अशुभाचा प्रश्न नाही, भरती-ओहोटीचा आहे. किनाऱ्यावरच्या कोळी, खारवी, गाबीत या मासेमार मंडळींचा जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, अष्टमी असेल तर सहा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि पुन्हा तितक्याच वेळाने भरती. रोज ही वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. गावानुसार अर्धा-एक तास इकडे-तिकडे होतो, त्यामुळे नेमकी वेळ तिथे पोहोचल्यावर विचारून घ्यावीच. परंतु घरी बसून तारखा निवडण्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे.

याचा उपयोग पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. म्हणजे सकाळी आठ-नऊपासून पाणी हळूहळू चढत असते, आणि संध्याकाळी किनारा रुंद उघडा पडतो, मावळतीच्या वेळी वयस्कर माणसांना चालायला घट्ट वाळू मिळते. याच दिवसांत मात्र उधाण असते, पाणी जोराने चढते व जोराने उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तिचा जोर कमी. त्या दिवसांत संध्याकाळी पाणी वर आलेले असते आणि चालायला वाळू कमी उरते, पण लाटा तुलनेने सौम्य राहतात. लहान मुले जास्त असतील तर आम्ही अष्टमीच्या आगेमागे जातो, आणि आईला घेऊन जायचे असेल तर पौर्णिमेच्या.

वाट आणि घाट

सोलापूरहून कोकणात उतरण्याच्या तीन मुख्य वाटा आहेत. मंगळवेढा, सांगोला, नागज, मिरज करून कोल्हापूर आणि तिथून आंबा घाटाने रत्नागिरी, ही सर्वांत सरळ. अंतर साडेतीनशे ते पावणेचारशे किलोमीटर. कोल्हापूरहूनच राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरला की कणकवली आणि पुढे मालवण. हे अंतर चारशेच्या आसपास भरते. दुसरी वाट पंढरपूर, आटपाडी, विटा करून कराडला आणि कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरते. गुहागर आणि दापोलीसाठी ही उत्तम. तिसरी पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, आणि तिथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. हीही चारशेच्या पुढे जाते, आणि पुण्यातून गाडी बाहेर काढण्यातच निम्मा उत्साह संपतो. त्यामुळे पुण्यात मुक्कामाला घर असेल तरच ही वाट धरावी, असे आमचे मत आहे.

पहाटे चारला निघून घाट दिवसाउजेडी उतरावा. घाटाच्या माथ्यावर अर्धा तास थांबून, हलके खाऊन, मुलांना पुढच्या सीटवर किंवा खिडकीशी बसवून मगच उतरायला लागावे. गाडी लागणारी मुले भरल्या पोटी घाटात हमखास ओकतात. रेल्वेने जायचे तर कुर्डुवाडी, पंढरपूर करून मिरजेला जाता येते, मात्र मिरजेपासून पुढे पुन्हा रस्त्यानेच जावे लागते. कोकण रेल्वे गाठायला मुंबईकडून फेरा पडतो. लहान मुले आणि वृद्ध असतील तर चालकासह गाडी ठरवणे एकंदरीत कमी त्रासाचे होते.

कोणते गाव, कोणासाठी

गणपतीपुळे हे सोलापूरकराच्या तोंडी येणारे पहिले नाव. देवदर्शन आणि समुद्र एकाच ठिकाणी असल्याने तिथे जाण्याची इच्छा स्वाभाविक आहे आणि ती अवश्य पुरी करावी. डोंगराभोवतीची प्रदक्षिणा समुद्राच्या वाऱ्यात करण्याचे समाधान वेगळेच. शेजारी मालगुंडला केशवसुतांचे जन्मस्थान व स्मारक आहे, तेही मुलांना दाखवावे. परंतु पोहण्यासाठी हा किनारा निवडू नये. तिथे पाण्याला ओढ आहे, बुडण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत आणि तसे इशाऱ्याचे फलकही लावलेले आहेत. अंगारकीला तर गर्दीमुळे मुलाचा हात सोडणे शक्य नसते. दर्शनासाठी एक मुक्काम करावा, मग आरे-वारेच्या किनारी रस्त्याने रत्नागिरीकडे निघावे. तो रस्ता समुद्राच्या इतका जवळून जातो की गाडीतून न उतरताही आजी-आजोबांना मनसोक्त पाणी पाहायला मिळते.

हरिहरेश्वरलाही हीच सावधगिरी हवी. देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग खडकांवरून जातो आणि भरतीच्या वेळी तिथे लाट अचानक वर येते. तिथे ओहोटीलाच जावे, स्थानिक माणसाने नको म्हटले तर मुकाट परत फिरावे.

वयस्कर माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर दापोली तालुक्यातले मुरूड आणि त्याला लागून असलेले कर्दे ही आमची पहिली पसंती आहे. (रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळ दुसरे मुरूड आहे. जागा ठरवताना ‘दापोलीजवळचे’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर घोटाळा होतो.) इथला किनारा लांब, सपाट आणि घट्ट वाळूचा आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून अरुंद रस्ता जातो आणि बऱ्याच घरांच्या मागच्या दाराने निघाले की वाडी संपताच पुळण लागते. दुसऱ्या सहलीला आईला आम्ही इथेच नेले. पहिल्याच दिवशी संध्याकाळी, ओहोटी असताना, ती चपला हातात घेऊन पाण्यापर्यंत चालत गेली. लाट पायाखालून मागे सरकताना वाळूही सरकते आणि तळव्यांना गुदगुल्या होतात. तिने दचकून माझा दंड धरला, मग हसली, आणि पुढचा अर्धा तास तिथून हलली नाही. जवळच्या हर्णै बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव चालतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते. आसूदच्या केशवराजाला मात्र पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा गुडघेदुखीच्या माणसाला आग्रह करू नये.

गुहागर अंतराने सर्वांत जवळ, साडेतीनशेच्या आतबाहेर. गाव लांबलचक, एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसलेले. मध्ये व्याडेश्वराचे देऊळ, मागे वाड्या, त्यापुढे सुरूची झाडे आणि मग किनारा. तालुक्याचे गाव असल्याने औषधाचे दुकान, दवाखाना, किराणा हे सारे हाताशी असते आणि तरीही बाजारू गजबज नाही. शुद्ध शाकाहारी घरांना तर गुहागरसारखे गाव नाही. उकडीचे मोदक, घावन, कुळथाचे पिठले आणि भात असे घरगुती जेवण इथे सहज मिळते. हेदवीच्या दशभुजा गणपतीला आणि जवळच्या बामणघळीला एक सकाळ द्यावी. बामणघळीत भरतीचे पाणी खडकाच्या भेगेतून उसळून वर येते. ते दुरूनच पाहावे.

मुले दहा वर्षांपुढची असतील, मासे आवडत असतील आणि चार दिवस हाताशी असतील तर मालवण. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग, त्याच्या आत चहूबाजूंनी खारे पाणी असूनही गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी, हे मुलांना पुस्तकातून समजावता येत नाही. होडीत चढता-उतरताना मात्र हात द्यावा लागतो. तारकर्ली, देवबागला पाण्यातले खेळ असतात. ज्या होडीवर प्रत्येकासाठी, लहान मुलांच्या मापाचेसुद्धा, लाइफ जॅकेट नाही त्या होडीत बसू नये, पैसे भरून झाले असले तरीही.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात निघणाऱ्यांना मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्री कासवांची पिल्ले पाण्याकडे जाताना पाहता येतात. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने 2002 मध्ये तिथे संरक्षणाचे काम सुरू केले आणि गावकऱ्यांनी ते आपले मानले. राहण्याची सोय घरगुती, साधी असते, आणि पिल्ले बाहेर येतीलच अशी हमी कोणी देत नाही.

जागेच्या मालकाला विचारायचे प्रश्न

फोटोंवर विसंबू नये, फोन करावा. ‘समुद्र किती जवळ आहे?’ असे विचारले तर सगळेच ‘अगदी जवळ’ म्हणतात. त्याऐवजी विचारावे, ‘काका, तुमच्या खोलीच्या दारापासून वाळूपर्यंत किती पायऱ्या आहेत? मध्ये रस्ता ओलांडावा लागतो का? रात्री त्या वाटेवर दिवा असतो का?’ तळमजल्यावरची खोली आणि कमोड आहे का, वीज गेल्यावर पंखा चालतो का, हे वृद्धांसाठी विचारावे. पिण्याचे पाणी कुठले, जवळचा डॉक्टर किती अंतरावर, गावात एटीएम आहे का आणि कोणत्या मोबाइल कंपनीचे नेटवर्क चालते, हेही विचारून घ्यावे. शक्य असल्यास खोलीतून निघून वाळूपर्यंत चालत जाण्याचा व्हिडिओ मागवावा. प्रामाणिक माणूस तो आनंदाने पाठवतो. आमची पहिली जागा या एका प्रश्नाने टळली असती.

घरगुती निवास आणि मोठे हॉटेल यांत लहान गावी आम्ही नेहमी घरगुती निवास घेतो. तिथल्या वहिनींना मुलाचे पोट बिघडले आहे असे सांगितले तर त्या मऊ भात करून देतात. मात्र तिथे जेवण आधी सांगावे लागते. रात्रीचे जेवण दुपारी आणि दुपारचे सकाळी सांगून ठेवावे. ऐनवेळी मागितले तर मिळत नाही आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

बरोबर काय न्यावे

कोकणात भात मुख्य, भाकरी मिळाली तर तांदळाची. दोन दिवसांनी ज्वारीची आठवण होणाऱ्या घरांनी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बरोबर न्यावी. दोन्ही टिकतात आणि प्रवासातही कामी येतात. भिगवणच्या गोड्या पाण्यातल्या माशांची सवय असलेल्यांना समुद्राचा मासा पहिल्या दिवशी जड जाऊ शकतो, तेव्हा सुरुवात थोड्याने करावी, सोबत सोलकढी घ्यावी.

आपले जाड सोलापुरी टॉवेल मात्र घरीच ठेवावेत. ते वाळू धरून ठेवतात आणि दमट हवेत दोन दिवस वाळत नाहीत. त्याऐवजी पातळ सुती पंचे न्यावेत. चादर अवश्य न्यावी, सुरूच्या सावलीत बसायला तिच्याइतके चांगले काही नाही.

पोहोचल्यावर पहिली संध्याकाळ

दहा तासांचा प्रवास करून मुले समुद्र पाहताच धावत सुटतात. पहिल्या संध्याकाळी घोट्याच्या वर पाण्यात कोणीही जायचे नाही, हे घरूनच ठरवून निघावे. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली आपल्याकडची मुले धीट असतात, पण विहिरीचे पाणी ओढत नाही. समुद्रात दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत, गडद दिसतो. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते, आणि नेमके तिथूनच पाणी आत परत जात असते. त्या ओढीत सापडले तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नये; किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकावे आणि ओढ सुटल्यावर बाहेर यावे. मुलांना हे वाळूवर बोटाने रेघ काढून समजावावे.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर जाळे विणत बसलेले किंवा होडी ओढणारे कोणी दिसले तर त्यांच्याजवळ जाऊन विचारावे, ‘दादा, उद्या भरती किती वाजता? मुलांना कुठे उतरवू?’ ते जागा दाखवतात, कुठे खडक आहे, कुठे खाडीचे पाणी येऊन मिळते ते सांगतात. दुसऱ्या दिवशी पाणी चढत असताना, त्यांनी दाखवलेल्या जागी, मोठ्या माणसाने पुढे आणि मुलांनी किनाऱ्याच्या बाजूला राहून कंबरेपर्यंतच्या पाण्यात उतरावे. ओहोटी लागली की सगळ्यांनी बाहेर यावे, आणि मग वाळूत किल्ला करायला घ्यावा.